किनारा पाहावा तिथी पाहून

लग्न झाले, की अंगावरची हळद उतरायच्या आत नवराबायकोने जोडीने जेजुरीला जावे, नवऱ्याने बायकोला उचलून गडाच्या निदान पाच पायऱ्या तरी चढाव्यात, तळी भरावी, भंडारा उधळावा आणि मग संसाराला लागावे, ही आपल्या भोर-पुरंदरकडची जुनी रीत. ती अजून मोडलेली नाही. मात्र तिच्या जोडीला अलीकडे दुसरी एक रीत आली आहे. जेजुरी झाली, की जोडपे कोकणची वाट धरते. सारोळे, किकवी, कापूरहोळ या आपल्या गावांतून पहाटे निघालेली जोडपी दुपारी समुद्राच्या काठी पोहोचतात, रात्री तेथे मुक्काम करतात आणि दुसरा सबंध दिवस किनारा पाहण्यात घालवतात.

या एका दिवसात काय पाहावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. केव्हा पाहावे, हे सांगणारे मात्र थोडे. आणि समुद्राच्या बाबतीत ‘काय’ इतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व ‘केव्हा’ला आहे. घाटावरच्या माणसाला नदीची सवय असते. नदीला पूर येतो तो पावसाळ्यात, आणि तो चढताना दिसतो. समुद्र बाराही महिने, रोज दोन वेळा चढतो आणि दोन वेळा उतरतो. आकाश निरभ्र असले तरी चढतो. हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी सुंदर जागा हीच सर्वांत धोक्याची जागा ठरते. म्हणून हरिहरेश्वर ते दिवेआगर या आपल्याला सर्वांत जवळच्या किनाऱ्यावरचा एक दिवस समजावून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

प्रथम वाटेविषयी थोडे. सारोळ्याच्या पुलाखालून नीरा वाहते. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. ही नीरा उगम पावते ती आपल्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, वरंधा घाटाजवळच्या शिरगावच्या परिसरात. कापूरहोळवरून भोर आणि भोरवरून वरंधा घाट असा प्रवास करणारे जोडपे नीरेच्या उलट दिशेने, तिच्या माहेराकडे जात असते. घाटमाथ्यावर एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथे पडलेल्या पावसाचा जो थेंब पूर्वेला ओघळला, तो नीरेतून नरसिंगपूरला भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि अखेर शेकडो कोस लांबच्या बंगालच्या उपसागरात जातो. हातभर पश्चिमेला पडलेला थेंब सावित्रीच्या खोऱ्यात उतरतो आणि लवकरच अरबी समुद्राला मिळतो. आपले जोडपे या दुसऱ्या थेंबाच्या वाटेने जाणार असते. घाट उतरला की महाड. ज्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याचा हक्क बजावला, ते तळे येथलेच. पाणी पाहायला निघालेल्यांनी तेथे दोन मिनिटे थांबल्यावाचून पुढे जाऊ नये. महाडवरून गोरेगाव, म्हसळे या बाजूने हरिहरेश्वर गाठता येते. मात्र वरंधा घाट पावसाळ्यासाठी नव्हे. तेथे दरडी कोसळतात, आणि प्रशासन तो पुष्कळदा वाहतुकीला बंद ठेवते. जुलै २०२१ मध्ये याच डोंगररांगेच्या कुशीतले तळिये गाव दरडीखाली गेले, हे विसरण्यासारखे नाही.

आता समुद्राच्या घड्याळाकडे वळू. भरती-ओहोटीचे मुख्य कारण चंद्राचे आकर्षण. सूर्याचेही असते, पण ते कमी. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणजे भरती आज ज्या वेळी आली, त्याहून उद्या सुमारे ५० मिनिटे उशिरा येईल. चंद्रही रोज सरासरी तेवढ्याच उशिराने उगवतो. आपली तिथी म्हणजे तरी काय? चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. तेव्हा तिथी आणि भरती ही दोन्ही एकाच चंद्राची अपत्ये आहेत. घरोघरी भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत समुद्राचे वेळापत्रक दडलेले असते ते असे.

कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण होते. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. उदाहरणार्थ, चतुर्थी घ्या. चाराची पाऊणपट तीन. पहाटे तीनच्या सुमारास भरती, सकाळी सव्वानऊच्या सुमारास ओहोटी आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास पुन्हा भरती. एकादशी घ्या. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठला पूर्ण भरती आणि दुपारी अडीचला ओहोटी. हा हिशेब ठोकळ आहे. त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सहज पडतो. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात मिळतात, आणि गावातल्या कोळ्याला विचारल्या तर तोही सांगतो. पण हिशेब ठाऊक असला, की घरून निघतानाच दिवसाची आखणी करता येते.

या उदाहरणांतच खरी मेख आहे. चतुर्थीला जाऊन आलेले जोडपे परतल्यावर मित्राला सांगते, “सकाळी नऊला प्रदक्षिणेला जा, वाट अगदी मोकळी असते.” मित्र आठवड्याने जातो. त्या दिवशी एकादशी असते. तेच नऊ वाजलेले असतात, तीच जागा असते, आणि वाटेच्या जागी फेसाळते पाणी असते. सांगणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते; त्याने घड्याळ सांगितले, तिथी सांगितली नाही, इतकेच.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उंचीची. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात. तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल असते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते. तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. त्याला भांग म्हणतात. तिसरी गोष्ट पाणी चढण्याच्या वेगाची. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असे ते साधारण चढते. पहिल्या तासात पाणी जागचे हलल्यासारखे वाटत नाही. माणूस निर्धास्त होतो, खडकावर बसून राहतो. आणि तिसऱ्या-चौथ्या तासात एकूण चढाचा अर्धा भाग भराभर येतो. धोका आहे तो पहिल्या तासाने दिलेल्या या खोट्या धीरात.

आता आपले जोडपे चतुर्थीच्या सकाळी हरिहरेश्वरला आहे असे समजू. येथे आधी काळभैरवाचे दर्शन घ्यायचे, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे, असा प्रघात आहे. हरि आणि हर एकाच नावात नांदणारे हे दैवत पेशव्यांच्या घराण्याचे कुलदैवत. देवळामागून डोंगरातल्या अरुंद खिंडीत पायऱ्या उतरतात आणि एकदम समुद्र समोर येतो. येथून डोंगराला वळसा घालून परत देवळापाशी येणारी वाट ही प्रदक्षिणेची वाट. डाव्या-उजव्या हाताला काळा कातळ, पायाखाली सपाट खडकाची फरसबंदी, आणि तिच्या कडेला लाटा.

ही फरसबंदी कोणी केली? समुद्रानेच. लाटा डोंगराच्या पायथ्यावर भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या पट्ट्यात सतत आदळतात. तेथे कपार पडते. कपार खोल गेली की वरचा खडक आधार सुटून कोसळतो, लाटा त्याचे तुकडे दळून नेतात, आणि डोंगर थोडा मागे हटतो. असे हजारो वर्षे चालले की मागे हटलेल्या कड्याच्या पायाशी सपाट खडकाचा ओटा उरतो. आपण प्रदक्षिणा घालतो ती या ओट्यावरून. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ही वाट समुद्राने तयार केली आहे, आणि भरतीच्या वेळी तो ती पुन्हा आपल्याकडे घेतो. येथे पाण्यात ओढले जाऊन माणसे दगावली आहेत. म्हणून नियम असा, की ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी वाटेला लागावे आणि पाणी फिरायच्या सुमारास वर यावे. चतुर्थीला म्हणजे सव्वाआठला निघावे आणि साडेनऊच्या आत परत यावे. उधाणाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात वरूनच नमस्कार करावा. देवाला तो पोहोचतो.

वेळ साधली, की मग मन लावून कातळ पाहावा. कड्याच्या अंगावर मधमाशांच्या पोळ्यासारखी लहान-मोठी छिद्रे दिसतात. पुष्कळांना ती कोणी कोरली असावीत असे वाटते. कोरणारे आहे मीठ. लाटांचे तुषार खडकाच्या बारीक रंध्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडून जाते, मिठाचे स्फटिक मागे राहतात आणि वाढता वाढता खडकाचा कण कण सुटा करतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल अधिक टिकते, मीठ अधिक साचते आणि खळगा अधिक खोल होतो. मधल्या भिंती तेवढ्या उरतात.

हा कातळ आपल्याला परका नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरांवर थर असा लाव्हा वाहिला आणि त्याचे दख्खनचे पठार झाले. रायरेश्वर आणि रोहिडा यांचे कडे ज्या काळ्या पाषाणाचे, त्याच पाषाणाला हरिहरेश्वरी लाटा झोंबत आहेत. सारोळ्याच्या शेतात नांगराला लागणारी काळी माती म्हणजे याच खडकाची झीज. घाटावर त्याची माती झाली आणि किनाऱ्यावर त्याचे शिल्प झाले, एवढाच भेद.

जगात दूरवर आयर्लंड नावाचे बेट आहे. त्याच्या उत्तरेला अँट्रिमचा किनारा ‘जायंट्स कॉजवे’, म्हणजे राक्षसाचा बांध, म्हणून प्रसिद्ध आहे. तेथेही लाव्हाच, वय सुमारे सहा कोटी वर्षे. तो सावकाश थंड होताना आकुंचन पावला आणि चिखल वाळून भेगाळावा तसा भेगाळत खाली गेला. त्यातून सुमारे चाळीस हजार खांब तयार झाले, त्यांतले बहुतेक षट्कोनी. एका राक्षसाने समुद्र ओलांडायला बांध घातला अशी कथा तिकडे सांगतात. आपल्या सेतुबंधाची आठवण व्हावी अशीच ती आहे. १९८६ मध्ये ‘युनेस्को’ने त्या जागेला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. देशोदेशींची जोडपी एका दिवसाच्या सहलीला तेथे जातात, आणि अटलांटिकच्या लाटांपासून जपून राहा अशी सूचना त्यांनाही दिली जाते. अशा खांबांचा नमुना आपल्याकडे अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीतही आहे. खडक एका जातीचा, कारागीर समुद्रच, आणि सावधगिरीचा नियमही एकच. तेव्हा आयर्लंडचे चित्र पाहून हळहळणाऱ्याने आधी हरिहरेश्वराचा कातळ निरखावा.

हरिहरेश्वराच्या दक्षिणेला सावित्री समुद्राला मिळते. अलीकडे बागमांडला, पलीकडे वेसवी आणि बाणकोट. वाहनांसह माणसे नेणारी बोट या खाडीतून ये-जा करते. पलीकडच्याच वेळासला कासवांची घरटी राखण्याचे मोठे काम २००२ पासून सुरू झाले. बोटीतून खाडी शांत दिसते. पण खाडीचे मुख शांत नसते. नदीने आणलेली वाळू तेथे आडवी साठते. ओहोटीला खाडीचे पाणी जोराने बाहेर पडते, समोरून समुद्राच्या लाटा येतात, आणि उथळ वाळूवर दोघांची झुंज होऊन पाणी उसळते. या मुखाशी १८५३ मध्ये एक होडी बुडाली. तीत आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी आणि तान्ही मुलगी होती. बाणकोटला त्यांचे स्मारक आहे. महाबळेश्वरला सहलीला गेलेल्या प्रत्येकाने ‘आर्थर सीट’ पाहिलेली असते. ते नाव या मॅलेटचे. पत्नी आणि मूल गेल्यावर तो तेथे बसून खाली सावित्रीच्या खोऱ्याकडे पाहत राही, असे सांगतात. त्या कड्यावर हसतखेळत छायाचित्रे काढणाऱ्या जोडप्यांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते, की एका मोडलेल्या जोडीचे ते नाव आहे.

उन्हे चढली की श्रीवर्धन गाठावे. बाळाजी विश्वनाथ भट हा याच गावचा. सिद्दीच्या अमलात राहणे कठीण झाले तेव्हा तो घाट चढून वर आला आणि १७१३ मध्ये शाहू महाराजांचा पेशवा झाला. गावाची दुसरी ओळख सुपारीची. नारळाच्या उंच सावलीत सुपारी, सुपारीच्या अंगाने चढलेले मिरीचे वेल आणि पाटाचे खेळते पाणी, अशी ही वाडी असते. एक झाड फळाला यायला वर्षे लागतात आणि मग ते पिढीभर घर चालवते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन धडकले, आणि आजोबांनी लावलेल्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. आज जी वाडी विरळ दिसते, जेथे रोपे अजून कमरेएवढीच आहेत, तेथे हे कारण समजावे. अशा गावी घरगुती खाणावळीत जेवावे. ताटातले मोदक आणि सोलकढी चांगली असतेच, शिवाय आपले चार पैसे नव्या रोपाला पाणी घालतात.

श्रीवर्धनहून दिवेआगरला जाणारा रस्ता आरावी, कोंडिवली, शेखाडी या गावांवरून समुद्राच्या अगदी काठाने जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी. वळण घेतले की नवी चंद्रकोर, पुढचे वळण की नवा कातळ. या रस्त्याने चाललेल्या जोडप्याला बोलायला सुचत नाही, आणि न बोलल्याचे वाईटही वाटत नाही. पण या शांत किनाऱ्यानेही पुष्कळ पाहिले आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठी आणलेली स्फोटके शेखाडीच्या बंदरातही उतरली होती. सुंदर जागेलाही राखण लागते.

दिवेआगरला पोहोचेतो दुपारची भरती पूर्ण होत आलेली असते. चतुर्थीला या गावी यावे हे योग्यच; कारण येथला सुवर्णगणेश १९९७ च्या नोव्हेंबरात एका सुपारीच्या वाडीत, जमिनीत पुरलेल्या पेटीत सापडला, तो संकष्टी चतुर्थीलाच. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मुखवटा वितळवला गेला. हस्तगत झालेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवून नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची पुन्हा स्थापना झाली. कला शाखेच्या विद्यार्थ्याने मात्र आणखी एका धातूची आठवण ठेवावी, ती तांब्याची. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा दिवेआगरचा ताम्रपट हा मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. आपण ज्या भाषेत परीक्षा देतो तिचे बालपण याही गावाने जपले आहे.

संध्याकाळी वाळूवर फिरावे. पाणी आता उतरत असते. उतरते पाणी माणसाला आत ओढते, म्हणून सूर्यास्ताच्या मोहात कमरेपर्यंत जाऊ नये. लाटांनी काठावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्टीतून जोराने मागे जाते, त्यात सापडलेल्याने काठाकडे झुंजत राहू नये. काठाला समांतर बाजूला सरकावे, ओढ संपली की मग काठाकडे यावे. घोटाभर पाण्यात, हातात हात धरून चाललेल्या जोडप्याला समुद्र आपले सर्व वैभव दाखवतो. त्यासाठी खोलात जावे लागत नाही.

आपल्या लग्नात मुहूर्त पाहतात, घटका मोजतात, अंतरपाट पडायचा क्षणही ठरलेला असतो. तो मुहूर्त खरोखर किती फळतो यावर मतभेद असू शकतील. समुद्राच्या मुहूर्ताबद्दल मतभेद नाही. त्याचे गणित चंद्राने मांडलेले आहे आणि ते चुकत नाही. चुकते ते न पाहणाऱ्याचे. तेव्हा या सुट्टीत आपल्या दादा-वहिनी किंवा ताई-भावोजी किनाऱ्याला निघाले, तर त्यांच्या शिदोरीत आणखी एका गोष्टीची भर घालावी. त्या दिवसाची तिथी कोणती हे पाहून, तिची पाऊणपट करून, तो आकडा त्यांना चिठ्ठीवर लिहून द्यावा.